मोत्याच्या भोकात डोकावून पाहा: पहिल्यांदा मोती घेणाऱ्यांसाठी

मोत्यांचा सर हातात आला की आपण तो गळ्याशी धरतो आणि आरशात पाहतो. मोत्यांत मुरलेला माणूस मात्र आधी दोन मोत्यांमधली गाठ नखाने किंचित सरकवतो आणि भोकाकडे बघतो. जुन्या बोलीत या भोकाला वेज म्हणतात. त्या बारीकशा वेजाशी मोत्याची निम्मी कुंडली दिसते: आत मणी आहे का, वरचा थर किती जाड आहे, रंग अंगचा आहे की चढवलेला, आणि मुळात हा मोती आहे का.

हे वाचता यायला आधी थोडी ओळख हवी. मोत्यांची नावं भरपूर आहेत आणि दुकानदार ती भराभर फेकतो. अकोया, साउथ सी, ताहिती, बरोक, केशी, माबे, शेल पर्ल. यातली काही नावं शिंपल्याच्या जातीची आहेत, काही आकाराची, काही तयार करण्याच्या पद्धतीची, आणि एक तर मोत्याचं नावच नाही. ती नीट वेगळी केली की गोंधळ बराच कमी होतो.

पहिली गोष्ट: थर

हिऱ्याला पैलू पाडावे लागतात, माणिक घासून झळाळतं. मोती शिंपल्यातून निघतो तोच चमकत निघतो. ही चमक येते थरांतून.

शिंपल्यातल्या प्राण्याच्या अंगावर एक पातळ पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. शिंपल्याची आतली चकचकीत बाजू हाच पडदा घडवतो. दुखापतीने किंवा एखादा परजीवी आत घुसल्याने या पडद्याच्या काही पेशी शरीरात आत ढकलल्या गेल्या, तर त्या तिथे एक इवलीशी पिशवी तयार करतात आणि आपलं नेहमीचं काम चालू ठेवतात. म्हणजे थरावर थर चढवत राहतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्या आणि त्यांना चिकटवून ठेवणारं प्रथिन, असा तो थर असतो. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाडीची. उजेड अशा शेकडो चकत्यांमधून आत जातो, परततो, एकमेकांत मिसळतो, आणि आपल्याला ‘आतून उजळल्यासारखं’ दिसतं. या साऱ्या थराला नेकर म्हणतात. इथून पुढे मी नुसता थर म्हणेन.

वाळूचा कण शिरला आणि मोती झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पाण्याच्या तळाशी, वाळूच्या संगतीत राहणाऱ्या प्राण्याला एक कण बाहेर टाकता येणार नाही, हे जरा अवघडच आहे. खरी गरज असते ती त्या पेशींची. स्वाती नक्षत्रातल्या थेंबाची कल्पना सुंदर आहे, पण तीही बाजूला ठेवू.

नैसर्गिक की कल्चर

दागिन्यांच्या दुकानात आज दिसणारे खरे मोती जवळजवळ सगळे कल्चर असतात. ‘कल्चर म्हणजे नकली’ हा समज इतका घट्ट बसलाय की तो आधी सोडवायला हवा. कल्चर मोती जिवंत शिंपल्यातच तयार होतो आणि त्यावरचा थर शिंपल्यानेच घातलेला असतो. माणसाने फक्त सुरुवात करून दिलेली असते: शिंपला अलगद उघडून आत दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा छोटा तुकडा ठेवायचा, खाऱ्या पाण्यात बहुतेक वेळा त्यासोबत एक गोल मणीही, आणि मग वाट पाहायची.

जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला. पूर्ण गोल मोत्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तात्सुहेई मिसे आणि तोकिची निशिकावा यांच्या कामातून पक्की झाली. १९२० च्या दशकात हे मोती जगाच्या बाजारात आले आणि खळबळ माजली. त्याआधी मोती किती दुर्मीळ होता याचा अंदाज एका सौद्यावरून येतो. १९१७ मध्ये कार्तिए या दागिन्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची अख्खी हवेली मिळवली ती नैसर्गिक मोत्यांचा दोन पदरी हार आणि वर नाममात्र शंभर डॉलर देऊन. चाळीस वर्षांनी तोच हार लिलावात त्याच्या जुन्या किमतीच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शाला गेला. हवेली अजून कार्तिएकडेच आहे.

नैसर्गिक मोती आजही विकले जातात, पण बहुतेक जुन्या दागिन्यांतून निघालेले. ‘बसरा मोती’ हे नाव त्यातलंच. मोती निघायचे पर्शियन आखातात, बहारीनच्या आसपासच्या समुद्रात. बसरा हे व्यापाराचं बंदर, त्याचं नाव मालाला चिकटलं. हे मोती सहसा लहान, दुधाळ-साईसारख्या रंगाचे आणि क्वचितच काटेकोर गोल असतात. वजनावर किंमत ठरायची म्हणून त्यांचं वेजही फार बारीक पाडत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. नैसर्गिक आणि कल्चर यांतला फरक डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, मग समोरचा कितीही अनुभवी असो. त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. कोणी नैसर्गिक मोती म्हणून भाव सांगत असेल तर मान्यताप्राप्त रत्न प्रयोगशाळेचा अहवाल मागायचा. तो नसेल तर तो मोती कल्चर आहे असं धरून चालायचं.

चार प्रमुख जाती

यात पहिला फरक पाण्याचा, गोडं की खारं. दुसरा शिंपल्याचा. आणि आपल्या कामाचा तिसरा: आत मणी आहे का आणि त्यावर थर किती.

*गोड्या पाण्याचे मोती.* आज जगात सर्वांत जास्त हेच निघतात, आणि तेही मुख्यतः चीनमधल्या तलावांत. तिथल्या मोठ्या शिंपल्यात प्रावाराचे तुकडे ओळीने बसवतात. एका शिंपल्यातून तीस-चाळीस मोती निघू शकतात, म्हणून ते तुलनेने स्वस्त. मणी सहसा घालत नाहीत. त्यामुळे गोलाई येणं नशिबावर असतं: भाताच्या दाण्यासारखे, बटाट्यासारखे, एका बाजूने चपटे असे आकार पुष्कळ. पण मणी नाही म्हणजे मोती जवळजवळ आरपार थराचाच. झिजला, ओरखडला तरी खाली थरच निघतो. स्वस्त म्हणून याला कमी लेखणारे लोक ही गोष्ट विसरतात. पांढरा, पीच, गुलाबी आणि जांभळट हे याचे अंगचे रंग.

हल्ली गोड्या पाण्यातही मणी घालून मोठे, गोल मोती काढतात. ‘एडिसन’ या नावाने ते मिळतात. जांभळ्या आणि कांस्य रंगाच्या धातूसारख्या झळाळीचे एडिसन पाहिले की ते कुठल्याशा खोल समुद्रातले असावेत असंच वाटतं.

*अकोया.* जपानी मोती म्हणतो तो हा. चीन आणि व्हिएतनाममध्येही होतो. शिंपला लहान, म्हणून मोतीही लहान, बहुतेक ६ ते ८ मिलिमीटर. ९ च्या वर मिळणं कठीण. आत शिंपल्याच्याच कवचापासून घडवलेला गोल मणी असतो, म्हणून अकोया सर्वांत गोल. त्याची चमक आरशासारखी तीक्ष्ण असते, कारण थंड पाण्यात थर हळू आणि घट्ट बसतो. काढणीही याच कारणाने हिवाळ्यात करतात.

अकोयाचा कच्चा दुवाही थरातच आहे. मणी मोठा आणि वाढीचा काळ थोडा, साधारण वर्ष-दीड वर्ष. त्यामुळे थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो, आणि लवकर काढणी केली तर त्याहून पुष्कळ पातळ. पातळ थराचा मोती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. सर टेबलावर ठेवून बोटाने हळूहळू गोल फिरवा. आतल्या मण्यावर कवचाचे पट्टे असतात. थर पातळ असेल तर मोती फिरताना एकदा उजळ, एकदा मंद असा ‘डोळा मिचकावतो’. असा सर घेऊ नका. काही वर्षांत थर वेजाजवळून सोलायला लागतो आणि मग कसलीही दुरुस्ती होत नाही.

*साउथ सी.* ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या समुद्रातला ताटाएवढा शिंपला. त्याच्या ओठाची, म्हणजे आतल्या चकचकीत बाजूची, कडा रुपेरी असेल तर मोती पांढरा-रुपेरी आणि सोनेरी असेल तर सोनेरी. आकार साधारण ९ ते १६ मिलिमीटर, कधी त्याहून मोठा. वाढीला दोन वर्षं किंवा जास्त लागतात आणि थर दोन मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहून जाड होतो. याची चमक अकोयासारखी झगमगत नाही. ती मऊ, साटिनसारखी असते. अकोया पाहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा साउथ सी ‘मंद’ वाटतो. डोळ्याला सवय व्हायला थोडा वेळ द्या.

*ताहिती.* काळ्या ओठाच्या शिंपल्यातला, फ्रेंच पॉलिनेशियाचा. नाव ताहितीचं असलं तरी शेती मुख्यतः तुआमोतु आणि गांबिए बेटांच्या खारकच्छांत चालते. ‘काळा मोती’ म्हणतात, पण निव्वळ काळा क्वचितच. राखाडी, हिरवट, निळसर, वांग्याच्या सालीसारखा. सर्वांत मागणी हिरवा-जांभळा मिसळलेल्या मोरपिशी रंगाला. तिथल्या सरकारने बरीच वर्षं ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ थराच्या मोत्याला निर्यातीची परवानगीच दिली नव्हती. आकार साधारण ८ ते १४ मिलिमीटर.

हा शेवटचा आकडा मला आधी माहीत असता तर माझे पैसे वाचले असते. माझा पहिला काळा सर ५-६ मिलिमीटरचा, अगदी गोल, सगळे मोती एकाच शाईत बुडवल्यासारखे. विकताना ‘ताहिती’ म्हणाले होते. ताहिती इतका लहान सहसा मिळत नाही, आणि सरातले सगळे एकाच छटेचे तर जवळजवळ नाहीतच. वर्षभराने धागा बदलायला दिला तेव्हा गाठींमधलं रेशीम काळसर झालेलं दिसलं. मोत्यांचा रंग धाग्याला लागला होता.

नावांचा गोंधळ, थोडक्यात

बरोक म्हणजे वेडावाकडा आकार, कुठल्याही जातीत असू शकतो. गोल मोत्याच्या मानाने स्वस्त, आणि मला विचाराल तर जास्त बोलका. अंगावर गोल-गोल वळ्या असतील तर त्याला सर्कल म्हणतात.

केशी म्हणजे शिंपल्याने मणी बाहेर टाकला, पण आतल्या पेशींनी काम चालू ठेवलं, त्यातून झालेला लहान वाकडा मोती. पूर्ण थराचा असतो, म्हणून झळाळी फार चांगली. शब्द जपानी, अर्थ खसखस.

माबे अर्धगोल असतो. शिंपल्याच्या आतल्या भिंतीला चिकटून वाढतो. तो कापून काढतात, आतली पोकळी भरतात, मागे शिंपीची चकती लावतात. कानातल्यांना आणि अंगठीला छान दिसतो, पण जोडलेली वस्तू आहे. पाण्यात बुडवू नये आणि त्याला पूर्ण मोत्याचा भाव देऊ नये.

काँक मोती गुलाबी आणि मेलो नारिंगी. हे मोठ्या समुद्री गोगलगायींच्या कवचात होतात. त्यांच्यावर नेकरचा थर नसतो, चिनीमातीसारखी झाक आणि ज्वाळांसारखी नक्षी असते. फार दुर्मीळ. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि शेल पर्ल. नाव ऐकून शिंपल्यातला मोती वाटतो, असतो तो शिंपल्याच्या कवचाचा किंवा त्याच्या भुकटीचा मणी, वर रंगीत लेप दिलेला. ही नक्कल आहे. स्वच्छपणे नक्कल म्हणून विकली तर त्यात काही वावगं नाही.

हत्तीच्या गंडस्थळातला, सापाच्या फण्यातला, बांबूतला असे मोती जुन्या संस्कृत ग्रंथांत मोजलेले आहेत, आणि ‘गजमुक्ता’ म्हणून आजही काहीतरी विकलं जातं. यांतला एकही मोती नाही. पैसे खिशातच ठेवा.

रंग कोणाचा?

मोत्यावर प्रक्रिया होणं नेहमीचं आहे, सगळीच फसवणूक नसते. पांढरे अकोया आणि पांढरे गोड्या पाण्याचे मोती बहुधा ब्लीच केलेले असतात, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडने डाग काढून उजळलेले. अकोयाला जी मोहक गुलाबी झाक दिसते ती पुष्कळदा थोडी रंगवलेली असते. बाजारात हे गृहीतच धरलेलं आहे.

प्रश्न येतो गडद रंगांचा. काळा अकोया आणि काळा गोड्या पाण्याचा मोती हे दोन्ही प्रक्रिया केलेलेच समजा, रंगाने किंवा किरणोत्साराने. चॉकलेटी, भडक निळे, लिंबासारखे हिरवे तर उघडच. सोनेरी मात्र अवघड: साउथ सीचा सोनेरी अंगचा असतो आणि महाग असतो, म्हणून फिकट मोत्याला रंग चढवून सोनेरी करतात.

इथे पुन्हा वेज कामी येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. वेजाच्या कडेला रंग जास्त गडद साचलाय का, मोत्यावरच्या खळग्यांत रंगाचे ठिपके दिसतात का, गाठीचा धागा माखलाय का, ते पाहा. अंगचा रंग एकसारखा नसतो. तो मोत्याच्या एका बाजूला थोडा वेगळा असतो, आणि दोन शेजारी मोती हुबेहूब जुळत नाहीत.

प्रत्यक्ष पाहायचं कसं

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली आणि काळ्या मखमलीवर सगळंच चमकतं. सर खिडकीजवळ न्या, पण थेट उन्हात नको. खाली साधा पांढरा किंवा करडा कापड किंवा कागद ठेवा.

आधी पाणी बघा. मोत्याच्या तेजाला आपण पाणी म्हणतो आणि हा शब्द अगदी चपखल आहे, कारण चांगल्या मोत्यात तुम्हाला खरंच पाण्यात दिसावं तसं प्रतिबिंब दिसतं. मोत्यावर खिडकीची चौकट शोधा. तिच्या कडा धारदार दिसल्या तर पाणी उत्तम, कडा विरघळल्यासारख्या वाटल्या तर मध्यम, आणि नुसता पांढरा डाग दिसला तर तो मोती खडूच. आकार, रंग, डाग या सगळ्यांवर तडजोड करता येते, पाण्यावर करू नका. मी आजवर पाहिलेल्या मोत्यांपैकी लक्षात राहिलेले एकही पूर्ण गोल नव्हते. पाणी सगळ्यांना होतं.

मग तोच मोती फिरवून त्याचं अंग पाहा. खड्डे, उंचवटे, सुरकुत्या थोड्या असतातच. भोकाजवळचा डाग चालतो, तो गाठीआड जातो. पण थराला चीर गेलेली किंवा थर कुठे उचललेला असेल तर घेऊ नका.

सर कापडावर गडगडवून पाहा. गोल मोती सरळ धावतात, आडवे-तिडवे मोती सर वाकवतात. मग दोन सर शेजारी ठेवा. एकटा सर नेहमी सुंदर दिसतो, शेजारी दुसरा आला की डोळे उघडतात. ही तुलना फुकट आहे आणि कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकवते.

शेवटी अंगावर धरा. गुलाबी झाकेचा पांढरा एखाद्या त्वचेवर खुलतो, दुसऱ्या त्वचेवर साईच्या रंगाचा मोती शोभतो. याला नियम नाही.

मोठ्या मोत्याची किंमत कशी वाढते तेही समजून घ्या, म्हणजे धक्का बसणार नाही. जुन्या मोती व्यापारात भाव वजनाच्या वर्गावर काढायचे. युरोपात ग्रेन या मापातल्या वजनाचा वर्ग करून तो ठरलेल्या दराने गुणत, आपल्याकडचे जवाहीर ‘चव’ हे माप काढत, तत्त्व तेच. म्हणजे वजन दुप्पट झालं की किंमत चौपट. कल्चर मोत्यांना हे सूत्र तंतोतंत लागू नाही, पण चढ तसाच आहे. सरात ७ ऐवजी ७.५ मिलिमीटर घेतले की किंमत का उडी मारते ते यातून कळेल. थोडं लहान माप घ्या आणि वाचलेले पैसे पाण्यावर घाला.

नक्कल ओळखणं

नकली मोती म्हणजे काच, प्लास्टिक किंवा कवचाचा मणी आणि वर लेप. चांगल्या काचेच्या नकला दुरून भल्याभल्यांना फसवतात.

दातावर घासायची युक्ती सर्वांना माहीत असते: खरा मोती पुढच्या दाताच्या कडेवर हलकेच घासला तर बारीक रवाळ लागतो, नकली गुळगुळीत. युक्ती बरोबर आहे, पण दुकानात न विकलेल्या मालावर दात लावणं बरं दिसत नाही आणि जोरात घासलं तर ओरखडा उठतो. त्यापेक्षा दोन मोती एकमेकांवर अलगद घासा. खऱ्यांचा रवाळपणा बोटांना जाणवतो. यातून फक्त खरा की खोटा कळतं. नैसर्गिक की कल्चर, गोडा की खारा, चांगला की वाईट, यांतलं काहीच कळत नाही. गरम सुईची परीक्षा कुणी सुचवली तर हात जोडा, खरा मोतीही त्यात खराब होतो.

‘खरा मोती हाताला गार लागतो’ हेही अर्धंच खरं, कारण काचही गारच लागते. एवढ्याने फक्त प्लास्टिक पकडलं जातं.

भिंगाने मात्र बरंच पकडता येतं. खऱ्या मोत्याच्या अंगावर बोटाच्या ठशासारख्या किंवा नकाशातल्या समपातळी रेषांसारख्या अतिसूक्ष्म वळ्या दिसतात. नकलीचं अंग रंग फवारल्यासारखं बारीक दाणेदार असतं. आणि वेजाच्या कडेला नकलीचा लेप कुरतडलेला, पापुद्र्यासारखा उचललेला दिसतो. कल्चर मोत्यात तिथेच थर आणि मणी यांच्यामधली स्वच्छ रेष दिसते, आणि ती कडेपासून किती आत आहे त्यावरून थराच्या जाडीचा अंदाज येतो. गोड्या पाण्याच्या मणीविरहित मोत्यात अशी रेष नसते.

विचारायचं काय, लिहून घ्यायचं काय

‘ए’, ‘डबल ए’, ‘ट्रिपल ए’ अशी प्रतवारी सगळीकडे ऐकू येईल. तिला जागतिक मानक नाही. प्रत्येक विक्रेत्याचा ट्रिपल ए त्याचा स्वतःचा असतो, म्हणून एका दुकानातला ट्रिपल ए दुसऱ्या दुकानातल्या डबल एपेक्षा खालचा असू शकतो. काहीजण चौथा एसुद्धा लावतात. अमेरिकेतली रत्नसंस्था जीआयए मोती सात गोष्टींवर पारखते: आकारमान, घडण, रंग, पाणी, अंग, थराची प्रत आणि सरातली जुळणी. विक्रेत्याला ए किती ते विचारण्याऐवजी या सातांबद्दल विचारा. ज्याला माल कळतो तो लगेच बोलू लागतो.

बिलावर मात्र चार शब्द हवेतच: नैसर्गिक की कल्चर, जातीचं नाव, मिलिमीटरमधलं माप, आणि रंग अंगचा की प्रक्रिया केलेला. तोंडी सांगायला तयार आणि लिहून द्यायला नाखूश असा विक्रेता भेटला तर उत्तर तिथेच मिळालं. गोड्या पाण्याच्या साध्या मोत्याला प्रयोगशाळेचा अहवाल काढायची गरज नाही, खर्च मोत्यापेक्षा जास्त व्हायचा. सोनेरी साउथ सी, मोठा ताहिती किंवा नैसर्गिक म्हणून सांगितलेला मोती असेल तर अहवाल मागा. अहवालात मोती काय आहे ते असतं, त्याची किंमत नसते.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत सरळ आहे: उत्तम पाण्याच्या, गोड्या पाण्यातल्या कानातल्यांपासून सुरुवात करा. पूर्ण थराचा मोती, कानात धक्का कमी लागतो, आणि रोज घालून मोत्याशी ओळख होते. कानातल्याचा किंवा अंगठीचा मोती अर्धाच भोकलेला असतो, बारीक खुंटीवर चिकटवलेला. तो हलतोय का ते बोटाने पाहून घ्या. अंगठी सगळ्यात शेवटी घ्या. मोत्याचा कठीणपणा मोह्स मापावर २.५ ते ४.५, आणि हात दिवसभर कशावर ना कशावर आपटत असतो.

घरी आणल्यावर

मोत्याला आम्ल, घाम, अत्तर, केसांचा स्प्रे यांचा त्रास होतो. म्हणून सगळा साजशृंगार झाल्यावर मोती शेवटी घाला आणि घरी आल्यावर आधी तेच उतरवा. मऊ ओलसर कापडाने पुसा, वाळू द्या, मग ठेवा. साबण, सोडा, दागिने धुण्याचं अल्ट्रासॉनिक यंत्र यांपैकी काही नको. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेले मोती कोरडे पडून तडकू शकतात. कापडाच्या पिशवीत, इतर दागिन्यांपासून वेगळे आणि आडवे ठेवा. टांगून ठेवलं तर रेशीम ताणतं.

आणि सर घेताना प्रत्येक मोत्यानंतर गाठ आहे ना ते पाहा. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि धागा तुटलाच तर एकच मोती निसटतो. वारंवार घालत असाल तर दर एक-दोन वर्षांनी सर पुन्हा गाठवून घ्या. कधी गाठवायचा हे धागाच सांगतो: मोती आणि गाठ यांच्यामध्ये धागा दिसायला लागला, किंवा गाठींजवळ तो मळकट झाला, की वेळ झाली. गाठवणाऱ्याकडे सर उघडा झाला की भिंग घेऊन शेजारी बसा. सगळी वेजं एकदम पाहायची अशी संधी पुन्हा लवकर मिळत नाही.